बाजूला काढलेले पैसे

लग्नानंतर आम्ही सरावलीला राहायला आलो. यांची नोकरी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत, तीन पाळ्यांची. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. एका सल्लागार इंजिनिअरसाहेबांनी मला काम दिलं आणि पुढच्या खोलीत बोर्ड मांडून मी कारखान्यांच्या पाइपलाइनचे नकाशे काढू लागले. मुलगी शाळेतून आली की काम थांबवायचं, ती झोपली की पुन्हा बसायचं. महिन्याला चेक यायचा, पूर्ण रकमेचा.

पालघरला एक करसल्लागार होते. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "बाई, यजमानांचा टॅक्स कंपनी पगारातूनच कापते. तुमचा कुणी कापत नाही. चेक वटला की हिस्सा आधी बाजूला काढा. तो आपला नाहीच असं समजा."

मी पोस्टात वेगळं खातं उघडलं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग यांच्या कंपनीत टाळेबंदी झाली.

पहिला महिना माझ्या चेकवर निघाला. दुसऱ्या महिन्यात गावाहून आलेल्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जेवताना हे म्हणाले, "तुझ्या पोस्टात पैसे आहेत की."

"ते टॅक्सचे आहेत."

"माझा टॅक्स कंपनी कापते. तुझा हा वेगळा कुठून निघाला?"

मी समजावून सांगितलं. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सरकारला दोन डोळे आहेत गं. माझा एक तरी राहू दे."

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. एकदा हात घातल्यावर मग तो थांबेना. भाडं, शाळेची फी, किराणा. दांडी गावची मासळीवाली दारात टोपली उतरवायची, तिला मी "नको" म्हणायचे. ती म्हणायची, "ताई, तुमी तर दोगंबी कमावता, मग असं का?" मला दार लावून घ्यावंसं वाटायचं.

टाळेबंदी उठून कंपनीचं गेट उघडलं, हे कामावर गेले, तोवर खातं रिकामं झालं होतं आणि मार्च आला होता. करसल्लागारांनी हिशेब मांडला. "आता भराच. उशीर कराल तेवढं व्याज वाढेल."

मी इंजिनिअरसाहेबांकडे उचल मागायला गेले. त्यांनी लगेच दिली. म्हणाले, "नव्या प्लँटचं सगळं काम तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं नाही."

"साहेब, या उचलीवरही टॅक्स लागणारच ना?"

ते हसले. "लागणारच. कामाचेच पैसे आहेत ते."

तिथून मी चक्रात अडकले. जुना कर भरायला जादा काम घ्यायचं, त्या कामावर नवा कर चढायचा, आणि त्यासाठी बाजूला काढायला काही उरायचं नाही, कारण उचल फिटत असायची. दुसरी पार्टी चांगला दर द्यायला तयार होती. तिला नाही म्हटलं. मान आखडली, शाईचे डाग बोटांवरून जाईनात. दर तीन महिन्यांनी आगाऊ कराच्या हप्त्याची तारीख आली की मी घरात कुणाशी धड बोलत नसे. हे म्हणायचे, "सोडून दे सगळं." सोडलं असतं तर मागची बाकी कशाने भरली असती?

दोन वर्षं अशी गेली, तेव्हा कुठे जुनी बाकी आणि उचल फिटली. शेवटी साहेबांनीच सुचवलं, "ऑफिसात या. पगार देतो, टॅक्स आम्हीच कापू." मी तिथल्या तिथे हो म्हणाले. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कापलेली रक्कम पाहून मला अक्षरशः हायसं वाटलं. उरलेले सगळे पैसे माझे होते, कुणाला जाब द्यायला नको होता.

मुलगी मात्र आता शाळा सुटली की शेजारणीकडे बसायची. एका संध्याकाळी तिला घ्यायला उशिरा पोचले, तर ती तिथेच जेवून झोपली होती. शेजारीण म्हणाली, "राहू दे आजच्या दिवस." मी तिला उचलून घरी आणलं. वाटेत ती जागीही झाली नाही.