चार घरचं पाणी

डोंगरवार वकील घर बघायला गेले, की घराकडे पाहतच नसत. काळी छत्री काखेत मारून ते सरळ शेजारच्या दारात जायचे आणि म्हणायचे, "बाई, थोडं पानी प्याले देता का?" आधी पूर्वेच्या घरी, मग पश्चिमेच्या, मग उत्तरेच्या, मग दक्षिणेच्या. चारही घरचं पाणी पिऊन झाल्याशिवाय खरेदीखताचा एक शब्द कागदावर उतरत नसे. ब्रह्मपुरीच्या कोर्टात लोक त्यांना 'पाणपोई' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

अशा वकिलाकडे मी जायलाच नको होतं, कारण मला घाई होती. मी शाळामास्तर. बायको सुनंदा बाळंतपणाला आरमोरीला गेली, मुलगी झाली, ती चार महिन्यांची झाली, तरी मायलेकी परतायचं नाव घेत नव्हत्या. कारण होतं आमची घरमालकीण. तिचा आवाज एवढा, की ती मांजराला हाकलायची तेव्हा आम्हीही दोन पावलं मागे सरायचो. सुनंदाचं एका ओळीचं पत्र आलं होतं : 'आपल्या घराची किल्ली हातात द्या, मग पोरीला घेऊन येते.' लेकीला मी एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेली. खोलीत मी इतका एकटा पडलो होतो, की संध्याकाळी स्टोव्हशी बोलायचो. तो निदान फुरफुरून उत्तर तरी द्यायचा.

तेवढ्यात गावातल्या डोमाजीचं घर विकायला निघालं. कौलारू, दोन खोल्या, अंगणात विहीर. त्याला बल्लारपूरला नोकरी लागली होती. मी कोणालाही न विचारता इसार देऊन मोकळा झालो आणि मग वकील शोधायला निघालो. आधी पायात जोडा घालायचा आणि मग माप द्यायचं, तसलाच हा प्रकार. पहिल्या वकिलानं कागद न उघडताच विचारलं, "शनिवारी रजिस्ट्री केली तर चालेल?" मला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचीच भीती वाटली. म्हणून डोंगरवारांकडे गेलो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घाई कोणाले आहे, मास्तर? तुले, का विकनाऱ्याले?"

"दोघांनाही."

"मंग मले हळूच जा लागते."

पंधरा दिवस ते रजिस्ट्री कचेरीतल्या जुन्या वह्या चाळत बसले. सगळं स्वच्छ निघालं. बापाच्या मागे एकटा डोमाजी वारस म्हणून चढलेला, बोजा नाही, वाद नाही. मी पेढे आणायला निघालो, तर म्हणाले, "थांब. कागद पाहून झाला. आता पानी."

पूर्वेला पाणी मिळालं. पश्चिमेच्या ओट्यावर एक जाडजूड काका बसले होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं. ते ऐकलं आणि म्हणाले, "आज पानी भरलंच नाई, वकीलसाहेब."

आमच्या लोकांना हे वाक्य ओळखीचं असतं. मी मागे वळलो. डोंगरवारांनी मात्र छत्री भिंतीला टेकवली आणि काकांच्या शेजारी ओट्यावर बैठक मारली. "नळ चार वाजता येते ना? बसतो आम्ही. मास्तर, बस." तेव्हा अडीच वाजले होते. दीड तास ते काकांशी धानाच्या तुडतुड्यावर, काकांच्या जावयावर आणि काकांच्या गुडघ्यावर बोलले. चार वाजता नळ आला. दोन गडवे आले. डोंगरवारांनी माझ्या हातातला गडवा घेऊन स्वतः तोंडाला लावला, त्यांचा मला दिला आणि काकांना म्हणाले, "गोड आहे पानी. उद्यापासून हा तुमचा शेजारी."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "एवढं कशाला?"

"घर घेतल्यावर समजलं असतं, तर कुठी गेला असतास?"

उत्तरेलाही पाणी मिळालं. दक्षिणेला मात्र घोटाळा झाला. तिथल्या म्हातारीनं पाणी दिलं, आणि आम्ही पीत असताना सहज विचारलं, "गिरजीले पुसलं का बाप्पा?"

"कोन गिरजी?"

"डोमाजीची बहीन. जिवतीकडे दिली ना."

कागदात नसलेली बहीण पाण्यातून निघाली. बापाच्या घरात तिचाही वाटा. तिच्या अंगठ्याशिवाय घेतलेलं घर कधीही डोक्यावर पडलं असतं. डोमाजीला विचारलं तर म्हणाला, "ते काय, बाईची जात, तिले काऊन पुसाचं?" गिरजाबाईला पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

तो महिना मी रोज संध्याकाळी डोंगरवारांकडे जायचो. तळ्याच्या अल्याड, बंद पडलेल्या धानगिरणीच्या मागे त्यांची एक खोली. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. ते चहा टाकायचे आणि जुनी खरेदीखतं मोठ्यानं वाचायचे, जणू हजेरी घेत आहेत : "पूर्वेस मोतीरामचे घर, पश्चिमेस चिंचेचे झाड..." मग थांबायचे. "मोतीराम गेला. चिंच आहे अजून." मला संशय यायला लागला, की हा माणूस काम मुद्दाम लांबवतो आहे. माझं येणं थांबेल म्हणून.

एके दिवशी तो संशय तोंडातून निघालाच. "साहेब, तुमची वाट पाहणारं घरी कोणी नाही, म्हणून तुम्हाला घाई नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. "खरं आहे ते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्या दारात उभे. "चाल. जिवतीले जाऊ." तीन बस बदलून आणि शेवटचा डोंगर पायी चढून आम्ही गिरजाबाईच्या शेतावर पोचलो. ती ज्वारी खुरपत होती. डोंगरवारांनी आधी पाणी मागितलं, मग सगळं सांगितलं. वाट्याचं काय येईल, तेही.

तिनं वकिलांना सोडून मला विचारलं, "तुमची बायको कुठी आहे?"

"माहेरी. लेक झाली, ती आता पाच महिन्यांची."

"तिले आहे माहेर," ती म्हणाली. "बरं आहे." आणि पुन्हा खुरपायला बसली.

बांधावर डोंगरवार छत्री उघडून बसले. त्या पश्चिमेच्या ओट्यावर बसले होते, तसेच. ऊन कलल्यावर ती उठली. "करतो अंगठा. पन हिरीवर येईन मी कधी. हाकलू नका."

"नाही हाकलणार," मी म्हणालो. डोंगरवार म्हणाले, "मी ऐकलं, मास्तर." एवढंच. पण त्या तीन शब्दांपुढे स्टँप पेपर हलका वाटला.

रजिस्ट्री झाली. सुनंदा आली, लेक आली, किल्ली तिच्या कमरेला लागली. पश्चिमेचे काका लेकीला खेळवू लागले. गिरजाबाई दर पोळ्यानंतर येऊन विहिरीवर बसून जायची.

आणि मी? रोज जाणारा मी आठवड्यानं जाऊ लागलो, मग सणाला, मग रस्त्यात दिसले तर हात करायचो. "ये ना चहाले," ते म्हणायचे. "येतो की," मी म्हणायचो. घर भरलं होतं ना माझं.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. दोन दिवसांनी कळलं, कारण कोर्टात तारखेला आले नाहीत. पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावलं. जमादार खोलीच्या चतुःसीमा लिहू लागला : पूर्वेस गिरणीची भिंत. पश्चिमेस नाली. उत्तरेस पडीत जागा. दक्षिणेस रस्ता. चारही बाजूंना पाणी मागावं असं एक दार नव्हतं.

"शेजारी कोन लिवू, मास्तर?" त्यानं विचारलं.

"मी," म्हणालो. "माझं नाव लिही."

"तुमचं घर तर तळ्याच्या पल्याड."

त्यानं लिहिलं नाही. बरोबरच होतं त्याचं. डोंगरवार वकिलांनीही लिहू दिलं नसतं.