मळीमावशींचा सातवा घाणा

मळीमावशी माणसाकडे आधी पाहत नसत, आधी त्याचा वास घेत. लिफ्टमध्ये शिरल्या की चार मजल्यांच्या आत त्यांना कळे, कोणी सकाळी कांदा परतलाय, कोणी ओलसर शर्टवर इस्त्री फिरवलीय आणि कोणाच्या डब्यातली कालची भाजी आज आंबलीय. कळलं की बोलूनही दाखवत. "फेकून द्या ती भेंडी," असं एका बँकेच्या व्हाइस प्रेसिडेंटला त्यांनी बाविसाव्या मजल्यावर सांगितलं होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या इमारतीतले लोक त्यांना पाहिलं की पुढच्या लिफ्टची वाट बघत.

त्या माझ्या शेजाऱ्याची आई. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं असिस्टंट केमिस्ट होत्या, सुरुवातीला डिस्टिलरीत, निवृत्तीनंतर व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आल्या होत्या. मुलगा जबल अलीला लॉजिस्टिक्समध्ये, सून बँकेत. दोघं बाहेर पडले की मावशी दिवसभर बाल्कनीत बसून दुबईचा वास घेत. "समुद्र आहे म्हणे इथं. मला तर नुसता एसी येतोय," असं त्यांचं या शहराबद्दलचं मत होतं.

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. मी हमरिया फ्री झोनमध्ये मळीच्या धंद्यात आहे. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. आमची कंपनी तो जहाजानं आणते आणि पशुखाद्यवाल्यांना विकते. बारा वर्षं विकून झाल्यावर मला लहर आली की याची रम होते म्हणतात, तर आपण करून पाहावी. या देशात घरी दारू गाळणं म्हणजे आधी तुरुंग आणि मग परतीचं विमान, हे मला ठाऊक होतं. पण शहाणपण मला वेळेवर कधीच सुचलेलं नाही. ऑफिसातून तपासून झालेल्या नमुन्याचा डबा आणला, पावाचं यीस्ट घातलं, बादली बाल्कनीत ठेवली आणि बुडबुड्यांची वाट पाहत बसलो. पाचव्या दिवशी पलीकडच्या बाल्कनीतून आवाज आला.

"अहो, ते मेलंय. टाकून द्या."

"काय मेलंय?"

"यीस्ट. जनावरांची मळी आणलीत ना? गंधक आहे त्यात. इथवर येतोय की."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, मला त्या 'ट्रेडिंग' म्हणत. मी त्यांना मळीमावशी म्हणू लागलो आणि मग सगळी इमारतच म्हणू लागली.

मावशींनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात एकमेकांवर चोळायचे आणि ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटायचे, एवढीच त्यांची पद्धत. मग एकेक वास सांगत, आधी कुठला, नंतर कुठला, हात कोरडे झाल्यावर मागे कुठला राहतो. "जीभ लबाड असते, ट्रेडिंग. तिला चढतं. नाकाला चढत नाही," असं म्हणत आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन टाकत.

अशा शांत बाईच्या पोटात तीस वर्षांचा राग आहे हे मला एका दुपारी कळलं. कारखान्याच्या डिस्टिलरीला ज्या रमनं नाव मिळवून दिलं, ती मावशींनी केली होती. चार नंबरच्या टाकीत, दोन वर्षं खपून. त्यांचे चीफ केमिस्ट रोज संध्याकाळी येऊन रजिस्टरवर सही करत. रम गाजली तेव्हा रजिस्टरात नाव म्हणून फक्त ती सहीच होती. साहेब परदेशी जाऊन आले, जनरल मॅनेजर झाले. मावशींना हळदीकुंकवाच्या समारंभात स्टीलचा डबा मिळाला. त्या माणसाचं नाव त्या घेत नसत. 'सहीवाले' एवढंच म्हणत. मला ते लगेच पटलं, कारण माझ्या ऑफिसातही एक सहीवाले आहेत. माझी प्रेझेंटेशनं बोर्डापुढे 'माय वर्क' म्हणून दाखवतात आणि मला बाहेर प्रोजेक्टरची वायर शोधायला पाठवतात.

मावशी तेव्हा भांडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट केली. चार नंबरच्या टाकीचं गुपित म्हणजे विरजण होतं. एक घाणा गाळून झाला की तळातला गाळ मावशी लोणच्याच्या एका बरणीत काढून ठेवत, त्यात अतिपिकल्या केळ्यांच्या साली टाकत आणि पुढच्या घाण्याला ते विरजण लावत. प्रत्येक घाण्यात आधीच्या सगळ्या घाण्यांचा वास उतरे. सहीवाल्यांनी जन्मात दही लावलेलं नव्हतं, त्यामुळे ती बरणी त्यांना मावशींच्या जेवणाचीच वाटे. डबा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी ती बरणी गटारात ओतली आणि बदली मागून साखरेच्या लॅबमध्ये गेल्या. पुढची रम बिघडली, त्याच्या पुढची आणखी बिघडली. "त्यांनी पाण्याला दोष दिला, उसाला दिला, कामगारांना मेमो दिले. मी समोरच्या टेबलावर चहा पीत होते," हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कुठल्याही देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मग म्हणाल्या, "पण ट्रेडिंग, ती माझीच होती हो. पुन्हा मलाही नाही मिळाली."

हे सगळं तिथंच राहिलं असतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सत्काराची बातमी आली. मुलीकडे हिवाळ्यासाठी आलेले एक ज्येष्ठ तज्ज्ञ, अमुक रमचे जनक, शाल, श्रीफळ, फोटो. फोटोत सहीवाले होते. मावशींनी तो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"ट्रेडिंग, गंधक नसलेली मळी मिळंल?"

"मिळेल. का?"

"व्हिसाचे पन्नास दिवस आहेत. यांच्या नाकाखाली धरायचीय. बघू, स्वतःच्या तोंडानं कुणाची म्हणतात."

मला इतका आनंद पगारवाढीच्या दिवशीही झाला नव्हता.

पन्नास दिवसांत सात घाणे झाले. सगळे माझ्या घरात, कारण मावशींच्या सुनेला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोलीस आले तर मी म्हणणार, मी या दोघांना ओळखत नाही. खलास." पण केळी तीच आणत होती, आणि गाळताना पहिली विषारी धार फेकून दिली की नाही हेही तीच दोनदा विचारत होती. गाळायच्या दिवशी मजलाभर वास सुटे. सिक्युरिटीवाला पहिल्यांदा वर आला तेव्हा मी गारठलो. "मॅडम, कुछ जल रहा है क्या?" मावशी दारातच म्हणाल्या, "लड्डू बना रहे हैं भैया, गुड का. दस मिनिट में देती हूँ." आणि मग खरंच तिळाचे लाडू करावे लागले. त्यानंतर प्रत्येक घाण्याला लाडू आले. मजल्यावरचे लोक आम्हाला फार गोड माणसं समजू लागले.

पहिल्या घाण्याचा वास घेऊन मावशी म्हणाल्या, "पेट्रोल पंप." दुसरा नुसता गूळ. तिसऱ्यात मी माझी अक्कल चालवून इथला खजुराचा पाक घातला. "याला स्वतःचाच वास फार आवडतोय," म्हणून त्यांनी तो सिंकमध्ये ओतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्यात केळं आलं. सहाव्यात त्या थांबल्या, पुन्हा हात चोळले, पण मान हलवली. सातव्याला ओंजळ नाकाशी धरली आणि धरूनच राहिल्या. त्या म्हणाल्या, "आली."

मी सहीवाल्यांना फोन केला. मळीच्या धंद्यातला एक चाहता म्हणून शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. स्तुती ऐकायला माणूस कुठेही येतो. काठी टेकत आले, सोबत त्यांची बायको. मावशींना पाहून म्हणाले, "तुम्ही आमच्या लॅबला होता, नाही का बाई? नाव काही आठवत नाही बघा."

"चालतंय की," मावशी म्हणाल्या. "रजिस्टरातही नव्हतंच."

त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. मावशींनी छोट्या ग्लासात रम आणून पुढे ठेवली. त्यांनी घोट घेतला, मिशी पुसली. "वा. कडक आहे. कुठल्या कंपनीची?"

"वास घ्या की."

ते ओशाळं हसले आणि ग्लास खाली ठेवला. त्यांची बायको म्हणाली, "त्यांना वास येत नाही हो. कोरोनात गेला तो आलाच नाही. डाळ करपली तरी समजत नाही."

खोटं कशाला बोलू, मला त्या म्हाताऱ्याला उचलून बाल्कनीतून खाली टाकावंसं वाटलं. सात घाणे, पन्नास दिवस, माझी नोकरी आणि व्हिसा टांगणीला, आणि याला नाकच नाही! चोरी पचवून वर हा सुटलाही होता.

मावशींनी त्यांचा ग्लास उचलला. दोन थेंब तळहातावर घेतले, हात चोळले, डोळे मिटले.

"आधी पिकलं केळं येतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "मग कढत असलेलं लोणी. मग ओलं गोणपाट. आता हात वाळतायत. आता लवंग. आणि लवंगेच्या मागं तो वास, ज्याला नाव न सापडून मी रजिस्टरात प्रश्नचिन्ह केलं होतं. तुम्ही त्याच्याच खाली सही केली होती."

साहेबांनीही डोळे मिटले होते. ओठ हलत होते. "चार नंबर," ते म्हणाले. "चार नंबरची टाकी. ही तर आपली..."

"कुणाची?"

त्यांनी शेजारची काठी चाचपली.

"कुणाची, साहेब?"

"तुमची."

त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमची म्हणजे? तुम्ही तर सगळ्यांना सांगता की..."

"मी सही केली होती," साहेब म्हणाले. मग मावशींकडे वळून, एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाजात, "आम्ही पाणी बदललं, ऊस बदलला. पुन्हा कधीच नाही आली. काय होतं हो त्यात?"

"मठ्ठा घ्या," मावशी म्हणाल्या. "भात थोडा वाढू?"

त्या जेवणाइतकं चविष्ट जेवण मी आजवर जेवलेलो नाही.

ते गेल्यावर आम्ही सगळं धुतलं, ओतलं, नळ्या तोडून चार वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकल्या. दोन दिवसांनी मुलाला सुट्टी मिळेना म्हणून मावशींना विमानतळावर मीच सोडलं. मी अजून हवेतच होतो. म्हटलं, "काय मावशी, जिरवली की नाही?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्यांनी पुन्हा विचारलं तर सांगून टाका, ट्रेडिंग. विरजणाचं."

"का म्हणून?"

"बाकी सगळ्यांनी ती नुसती प्यायली. तो वास ओळखणारी आम्ही दोघंच होतो. ते सही करायच्या आधी ओंजळीत धरून उभे राहायचे, मी पाहिलंय. आता त्यांचंही नाक गेलं. मी कुणाला दाखवू?"

"मला दाखवा," असं मी म्हणालो. त्या हसल्या. "तुम्हाला अजून गंधक कळत नाही," म्हणाल्या आणि टर्मिनल आलं.

पुढच्या श्रावणात मावशी सांगलीत वारल्या. साधा ताप आला होता. मुलानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हमरियात जहाजाच्या नमुन्यांपाशी उभा होतो. मी एक डबा उघडला, दोन थेंब तळहातावर घेतले आणि चोळले. मळीचाच वास आला, दुसरं काही नाही. मला रडू आलं.

साहेबांकडे माझा नंबर आहे. मावशी गेल्याचं मी त्यांना कळवलं. त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले, दर महिन्या-दोन महिन्यांनी. म्हातारा फार थकला आहे, बोलताना धाप लागते. "तुम्ही तिथं होता ना करताना? काय घालायच्या त्या? मला आता काय करायचंय, नुसतं कळू द्या." मावशींनी सांगा म्हणून सांगितलं होतं. त्यांचा राग त्या दिवशीच्या जेवणात निवला असेल. माझा निवलेला नाही, आणि तो एकट्या या म्हाताऱ्यावरचा नाही, हेही मला कळतं. तरी मी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. "सांगा हो, बाई काय घालायच्या?"

"कुठल्या बाई?" मी विचारलं. "नाव काय त्यांचं?"

पलीकडून नुसती धाप ऐकू येत राहिली. त्यांना आठवेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, असं सांगून मी फोन ठेवला.