तेलाच्या गिरणीतले अण्णा

जेवायला बसण्याआधी अण्णा दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगायचे. साबणाने खसाखसा धुतलेले असायचे, तरीही. बेंबळीत आमचे घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे हा सोपस्कार मी कित्येकदा पाहिला. "वास हाडात मुरलाय," म्हणायचे.

अण्णा नॉर्वे-डेन्मार्ककडच्या समुद्रात हेरिंग नावाचा मासा धरणाऱ्या बोटीवर होते. रजेवर आले की लोक विचारायचे, जाळं फेकता येतं का? "न्हाय वो. विहीर मोटरनं उपसावी तसा पायपानं मासा उपसायचा, अन् थेट कारखान्यात. खायाला न्हाय, दळायला. भुकटी अन् तेल." ती भुकटी तिकडे पाळलेल्या माशांनाच घालतात, हे ऐकून पारावर एकजण म्हणाला, "म्हंजी एवढ्या लांब जाऊन पेंडच केली की!" अण्णाही हसले, पण आधी मागे वळून बघून.

कारण त्यांची आई माळकरी. अंड्याचे टरफल अंगणात दिसले तरी अंघोळ करणारी. तिला त्यांनी सांगितले होते, तेलाच्या गिरणीत आहे. याला धड खोटेही म्हणता येईना. मला मात्र तो निव्वळ चावटपणा वाटायचा.

एका रजेत त्यांनी आईच्या गुडघ्यांसाठी पिवळ्या गोळ्यांची बाटली आणली. त्याच माशाच्या तेलाच्या. "तिकडची दवा हाय," एवढेच सांगितले. माय रोज एक गिळायची. श्रावणात आमच्याबरोबर येडशीला दरीतल्या रामलिंगाच्या पायऱ्याही उतरली. गाभाऱ्यात मात्र गेली नाही, बाहेरूनच हात जोडले. गळ्यात माळ नव्हती. "दोरा तुटला, ववायची हाय," म्हणाली.

अण्णा नोकरी सोडून कायमचे परतले तेव्हा माय अंथरुणाला खिळली होती. त्यांना राहवेना. पायाशी बसून त्यांनी बोट, मासा, गोळ्या, सगळे सांगून टाकले. मी दूध द्यायला गेलो होतो, तो तिथेच अडकलो.

माय शांतपणे म्हणाली, "पहिल्याच दिवशी ढेकर आला, तव्हाच कळलं. बाजारात सुकटवालीला वळसा घालण्यात जन्म गेला माझा. मला वास कळायचा न्हाय व्हय?"

"मग घेतलीस कशाला?"

"तू एवढ्या लांबून आणली व्हतीस."

तिने उशाखालून माळ काढली. दोरा शाबूत होता. अण्णांनी माळ घ्यायला हात पुढे केले, मागे घेतले आणि सवयीने नाकाशी नेले.

"हुंगू नको," माय म्हणाली. "तसल्याच हातानं घाल."