तिने उजवीकडे पाहिलं होतं

त्या दिवशी आई मासे विकायला गेली. मानपाडा रस्त्यावर सर्कलजवळ रस्ता ओलांडताना तिला मोटारीने ठोकलं. लोकांनी तिला रिक्षात घातलं आणि रुग्णालयात नेलं. मी कॉलेजात होते. मला संध्याकाळी कळलं.

त्या दिवसाबद्दल मला स्वतःच्या अनुभवाचं एवढंच सांगता येतं. बाकीचं ऐकलेलं आहे. ऐकलेलं कोर्टात चालत नाही, हे मला पुढे शिकवण्यात आलं.

आम्ही डोंबिवलीजवळच्या कोपरच्या खाडीकाठचे कोळी. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई खाडीतली कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या टोपलीत भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची, तिच्यावर टोपली, आणि रूळ ओलांडून पूर्वेला जायची. तिथल्या नव्या इमारतींत तिची ठरलेली घरं होती. मला तिने कधी बरोबर नेलं नाही. सुट्टीतही नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पोरीला धंदा कवा शिकवशील गो?" आई म्हणायची, "ती वाचते." एवढ्यावर तिचं उत्तर संपायचं.

सर्कल बांधायच्या आधी तिथे नुसता नाका होता. गाड्या कुठूनही यायच्या. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला मान फिरवून बघता येत नाही. तिला थांबावं लागतं, पाय वळवावे लागतात, सगळ्या अंगाने फिरून बघावं लागतं. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तोवर पहिल्या बाजूने काहीतरी आलेलं असतं. मग तिथे सर्कल झालं. मधोमध कारंजं. चारही रस्त्यांवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये कठडा. सुरुवातीचे काही दिवस एक हवालदार उभा असायचा. त्याने टोपलीवाल्या बायकांना नीट समजावून सांगितलं. आईने ते घरी येऊन मला सांगितलं, जमिनीवर बोटाने गोल काढून.

"कठड्यापत्तूर गाडी उजव्या अंगानीच येनार. तवा एकदाच वलायचा. कठड्याजवल थांबायचा. मंग डाव्या अंगाला वलायचा."

तिला ते फार आवडलं होतं. "कोनी बांदला त्याला पुन्य लागंल," ती म्हणाली.

मोटार डावीकडून आली. त्या रस्त्यावर, कठड्याच्या अलीकडच्या अंगाला, एका कारखान्याचं फाटक आहे. नियमाने तिथे जायचं तर सर्कलला वळसा घालायचा, कठड्याच्या पलीकडून पुढे जायचं आणि कठडा संपतो तिथून मागे फिरायचं. कारखान्याचे मालक स्वतः मोटार चालवत होते. त्यांनी वळसा घातला नाही. सर्कलपाशी उजवीकडे वळले आणि उलट्या बाजूने सरळ फाटकाकडे निघाले. आई थांबलेली होती. तिने पाय वळवले, उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. ती निघाली.

मानेच्या मणक्याला मार बसला. खांदा मोडला. मानेला पट्टा आला. टोपली पुन्हा डोक्यावर आली नाही. पंचनाम्यात रस्ता होता, सर्कल होतं, सांडलेली मासळी होती. मोटार कोणत्या बाजूने आली हे नव्हतं. जमलेल्या लोकांपैकी साक्षीला कुणी आलं नाही. हवालदाराची बदली झाली होती.

ठाण्याला नुकसानभरपाईचा दावा लावला. तारखा पडत गेल्या. दरम्यान मी बी.ए. झाले आणि डोंबिवलीत एका वाचनालयात कामाला लागले. मला ते काम आवडायचं. तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही.

आईची साक्ष झाली तो दिवस. मी तिला इस्त्रीचं लुगडं नेसवलं होतं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, मानेला पट्टा, हात कठड्यावर. तिने सांगितलं, "मी उजव्या अंगाला बघितला. तिकडनं काय येत नव्हता. गाडी डाव्या अंगानी आली."

समोरचे वकील वयाने मोठे होते. आवाज गोड होता. त्यांनी विचारलं, "डोक्यावर टोपली असताना मान वळते का, मावशी?"

"मान नाय वलत."

"नाही वळत. मग बघितलंत कसं?"

"आमी पाय वलवतो."

"पाय वळवून बघता?" ते न्यायाधीशांकडे वळले. "म्हणजे यांचे डोळे पायांत आहेत, साहेब."

लोक हसले. मागच्या बाकांवर दुसऱ्या दाव्यांचे लोक बसले होते, तेही हसले. तेही कुठे ना कुठे गाडीखाली आलेले होते. कुणाच्या काखेत कुबडी होती. तरी हसले.

वकील म्हणाले, "करून दाखवा बघू." आईने पट्ट्याला हात लावला. ते लगेच म्हणाले, "हो हो, तुम्हाला त्रास नको. मुलगी आली आहे ना? ती दाखवेल."

आई म्हणाली, "सायेब, तिला नको. तिच्या डोक्यावर मी कदी टोपली ठेवली नाय."

त्या वाक्यात तिचं सगळं आयुष्य होतं. लिहून घेणाऱ्याने ते लिहिलं नाही.

मी आमच्या वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते. न्यायाधीश म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे. आटपा." मी उठले. मी का उठले, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. मोठी माणसं सांगतात तेव्हा उठायचं, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. दुसरं उत्तर माझ्याजवळ नाही.

टेबलावर लाल कापडात बांधलेलं फायलींचं गाठोडं होतं. शिपायाने ते माझ्या डोक्यावर ठेवलं. चुंबळ नव्हती. दोन्ही हात सोडायला सांगितले. "आता उजवीकडे बघा, ताई."

मी बघितलं. जशी मी रोज बघते तशी, मान वळवून. गाठोडं घसरलं. गाठ सुटली आणि कागद फरशीवर पसरले. मी गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. कुणाकुणाचे हात-पाय त्या कागदांत मोडलेले होते. वर वकिलांचा आवाज चालू होता. "नोंद व्हावी, साहेब. ओझं सांभाळलं तर बघता येत नाही, आणि बघायला गेलं तर ओझं पडतं. बाईंची टोपली शेवटपर्यंत डोक्यावर होती." मग मला, अगदी मायेने, "कोळ्याची मुलगी ना तुम्ही? एवढंही येत नाही?"

लोक पुन्हा हसले. या वेळी आमचे वकीलही.

आईने मला धंद्याऐवजी शाळा-कॉलेज शिकवलं म्हणून मला येत नव्हतं. माझं न येणं तिच्याविरुद्ध पुरावा झालं. हे मला त्याच क्षणी, फरशीवर, कागद हातात असताना कळलं. मी कागद नीट लावले आणि टेबलावर ठेवले.

बसमध्ये आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मान वळत नसल्यामुळे ती सगळीच तिकडे फिरून बसली होती. मग म्हणाली, "चुंबल तरी द्यायची व्हती त्यांनी."

मी रडले. तिने मला रडू दिलं.

पुढच्या रविवारी मी माळ्यावरून तिची टोपली काढली. खाडीकाठची ओली वाळू भरली. ती खाटेवर बसली होती. "कशाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दाखव." ती नाही म्हणाली. दोन-तीन रविवार नाहीच म्हणाली. ज्या कामापासून तिने मला इतकी वर्षं लांब ठेवलं तेच मी मागत होते. शेवटी एकदा मी टोपली वाकडी उचलली, आणि तिला ते बघवलं नाही.

"अगो, मानेत जोर नको देवस. कंबरंत दे. नजर समोर. थांब. आता पाय. पयला पाय, मंग तू."

मी अंगणात फिरायचे. शेजारणी कुंपणाशी यायच्या. "बी.ए.चा वर्ग हाय का गो?" एक म्हणायची. आई हसायची. पट्ट्यामुळे तिला हसताना त्रास व्हायचा, ती पट्टा धरून हसायची. मला जमलं. पाय वळवले की सगळं दिसतं, डोकं न हलता, वाळू न सांडता. मोकळ्या डोक्याने आपण बघतो त्याहून जास्त वेळ लागतो, आणि म्हणून जास्त नीट बघितलं जातं. हे मला सांगायचं होतं. पुढच्या तारखेला सांगू, असं आम्ही ठरवलं.

तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. पावसाळ्यात आईला कावीळ झाली आणि ती गेली.

मी काळी किनार असलेलं पांढरं पातळ नेसून ठाण्याला गेले. समोरचे वकील उभे राहिले. ते दुःख व्यक्त करून म्हणाले की हा दावा दुखापतीचा आहे. दुखापत व्यक्तीची असते. व्यक्ती कावीळ होऊन वारली. "आणि कावीळ मोटारीने होत नाही, साहेब." व्यक्तीबरोबर तिच्या वेदनेचा दावाही संपतो. मी पुस्तकांत शोधलं. त्यांचं बरोबर होतं. कायदा तसाच लिहिलेला आहे. माणसाला पुरेसा वेळ झुलवत ठेवलं की त्याचं दुखणं कायद्यानेच नाहीसं होतं.

निकालाच्या तारखेला मी टोपली घेऊन गेले. चुंबळही. टोपलीत ओली वाळू होती, मासे असते तर आत सोडलं नसतं. आमचे वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय आणलंत? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मला पुन्हा करून दाखवायचं आहे. ते म्हणाले, "आता त्याला काही अर्थ नाही."

व्हरांड्यात कारखान्याचे मालक उभे होते. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. वाईट माणसासारखे बोलले नाहीत. खरं तर थकलेले दिसत होते.

"तुमच्या आईचं ऐकलं. वाईट झालं. दावा आता राहिलेला नाही, तुम्हाला माहीत आहेच. तरी माणुसकी म्हणून मी काहीतरी द्यायला तयार आहे. फक्त एवढं लिहून द्या, की टोपलीमुळे तिचं लक्ष नव्हतं. म्हणजे माझ्यामागे फौजदारी आहे तीही मिटेल. आपण दोघं मोकळे होऊ."

"तिने उजवीकडे बघितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही उलट्या बाजूने आलात."

"ताई, ते सर्कल आम्हीच बांधून दिलं. आमच्या देणगीतून. लोकांच्या सुरक्षिततेसाठी."

मला आईचं वाक्य आठवलं. कोनी बांदला त्याला पुन्य लागंल.

आमचे वकील पुढे झाले. "सही करा. हाती काहीतरी लागेल. नाहीतर काहीच नाही."

"मी सही करणार नाही."

"मग काय करणार?"

मी चुंबळ डोक्यावर ठेवली. टोपली उचलायला कुणी हात लावला नाही, मी गुडघ्यावर घेऊन एकटीने वर चढवली. हात सोडले. थांबले. पाय उजवीकडे वळवले आणि बघितलं. जिना, पाण्याचा माठ, बाकावरची माणसं. मग पाय डावीकडे वळवले. तिथे ते उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. टोपली हलली नाही. त्यांनी नजर खाली घेतली.

कुणी हसलं नाही. कुणी नोंदही घेतली नाही. शिपाई म्हणाला, "बाई, रस्ता अडवू नका."

दावा निकाली निघाला. अर्जदाराचं निधन, एवढंच कारण. पुढे फौजदारीत ते सुटले. मोटार उलट्या बाजूने आली हे सांगणारं कुणी नव्हतं. पण जुन्या फायलीत ती नोंद आहे: ओझं सांभाळलं तर बघता येत नाही. पुढे एखादा वकील ती काढून दुसऱ्या एखाद्या बाईसमोर वाचेल. ती खोडायला मी अर्ज केला. तो फेटाळला. पुन्हा केला. उत्तर आलं नाही. मी पुन्हा करणार आहे.

वाचनालयात जाताना मी तोच रस्ता ओलांडते. फाटकाकडे जाणाऱ्या मोटारी अजून वळसा घालत नाहीत. कठड्याच्या अलीकडच्या अर्ध्यात मी थांबते. डावीकडून मोटार आली की मी बाजूला होत नाही. हॉर्न वाजतो. कुणी काच खाली करून बोलतं, "ओ ताई, मरायचंय का?" मी हाताने सर्कल दाखवते. मोटार मागे जाईपर्यंत मी हलत नाही. कधी जाते, कधी मला घासून निघून जाते. मला भीती वाटते. तरी मी हलत नाही.

टोपली शेजारणीच्या सुनेला दिली, ती धंद्याला नेते. चुंबळ माझ्याकडे आहे. आई नाही. तिने उजवीकडे पाहिलं होतं, हे सांगणारी मी आहे.