सतरा नंबरचा सदरा

शाळेत चौथीपुढे न गेलेल्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, कारण तो टेलर होता. वृद्धाश्रमातही तेच नाव चिकटलं. मुलगा सोडायला आला तेव्हा म्हणाला होता, "बाबा, घराचं काम संपेपर्यंत. दोन महिने धरा." मास्तरांनी एका पिशवीत मावतील एवढेच कपडे घेतले.

इथे धुण्यात कपड्यांची सरमिसळ होई, म्हणून प्रत्येकाच्या कॉलरीत खाटेचा नंबर लिहीत. शाई दोन धुण्यांत उडे. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी सुई मागून घेतली आणि लाल दोऱ्यानं एकेकाचा नंबर पक्का शिवायला घेतला. आपला सतरा मात्र कच्च्या टाक्यानं घातला, एका ओढीत निघेल असा.

"आमचं पक्कं आणि स्वतःचं कच्चं?" शेजारच्या खाटेवरचे निवृत्त पोस्टमन म्हणाले.

"मला जायचंय हो. उसवत कोण बसणार?"

"मीही दोन महिन्यांसाठीच आलो होतो. मग पत्ताच बदलला."

दर धुण्यात सतरा निघून जाई आणि सदरा बेवारशी ढिगात पडे. "जगाला नंबर लावता आणि स्वतः बिननंबरी फिरता," धुणं वाटणाऱ्या मावशी करवादत. मास्तर हसून पुन्हा कच्चाच टाका घालत.

चौथा महिना लागला. रविवारी मुलगा आला तेव्हा मास्तरांनी टोचलेली बोटं त्याच्यापुढे धरली. "घरी मशीनवर असतो, तर हे अर्ध्या तासाचं काम." मला घरी ने, हे याहून उघड त्यांना म्हणता येईना.

मुलानं बोटं हातात घेतली. त्याचे डोळे भरून आले. "माझ्या कसं लक्षात आलं नाही, बाबा."

मास्तरांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरून ठेवली.

पुढच्या रविवारी मुलगा टेम्पो घेऊन आला. मागे चादरीत गुंडाळलेलं मशीन होतं. "तेलपाणी करून आणलंय. आता बोटं टोचायला नकोत."

मास्तर चाकावरून हात फिरवत राहिले. "मशीनच्या जागी काय ठेवलंय?"

"छोटीचं टेबल. अगदी मापात बसलं बघा."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले.

मुलगा गेल्यावर त्यांनी भरलेली पिशवी रिकामी केली. सदऱ्याची कॉलर सुईखाली धरून सतराच्या आकड्यावरून दोनदा शिलाई मारली, शेवटी उलट फिरून टाका बंद केला. मग सवयीनं दोरा ओढून पाहिला. निघत नव्हता.