पापलेटाच्या पोटातला पंखा

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, चार घोट पोटात गेल्यावर माझ्याकडून सगळं वदवून घेतात त्या मित्रांनाही नाही. तुला लिहून सांगतोय, म्हणजे मध्ये बोलता येणार नाही. कुणी मध्ये बोललं की मी विषय बदलतो — जुनी खोड आहे.

रेवदंड्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. किहीमच्या बंगल्यांची गेटं, जिन्याचे कठडे, खिडक्यांची ग्रिलं — पोट त्यावर भरतं. पण एकदा माझ्या डोक्यात आलं की जेट्टीच्या तोंडाशी एक भलामोठा मासा उभारायचा. फिरणारा. स्टीलचा, आतून दिवे लावलेला. गावाने मनावर घेतलं आणि काम माझ्याकडे आलं.

पापलेट मीच ठरवलं. का, माहितीय? पापलेट चपटं. आडवं आलं की अंगणाएवढं चकाकणार, आणि वळलं की नुसती एक उभी रेघ. दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत नाही! खांबाच्या बुडात मोटर आणि गिअरबॉक्स, वर बेअरिंग, खवल्यांच्या फटींतून उजेड. अजून सांगताना छाती फुगते बघ. जिथे लाज वाटायला हवी, नेमकी तिथेच.

तर — चांगुणाकाकी.

कोळीवाड्यातली. बाजारात मासे विकायची. तिचा हरेश शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता. तिच्या चुलीपाशी बसून मी किती वेळा जेवलोय, त्याला गणती नाही. एका फेरीहून त्यांची बोट परत आली, आणि हरेश आला नाही. रात्री कधी पडला, कुणाला कळलं नाही. अंगावरचा कपडासुद्धा मिळाला नाही. पुढे बोट विकली, तेव्हा काकीने तिचा पंखा तेवढा काढून घेतला. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात फिरतो तो, तीन पात्यांचा, पितळेचा.

माशाचा सांगाडा उभा राहत होता तेव्हा ती तो जड पंखा जुन्या लुगड्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "त्याचं जमिनीवर काय बी न्हाय रं. हा तरी त्या माशात असू दे."

मी लगेच हो म्हटलं. चार माणसं उभी होती ना समोर! मोठ्या मनाचा दिसायची संधी मी कधी सोडत नाही. त्यांच्यादेखत माशाच्या पोटात चौकट मारली आणि पंखा तिच्यात बसवला. काकीने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं होतं — ते खोटं नव्हतं. पण त्याचं काय करायचं आता?

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी वर्कशॉपमध्येच मोटर चालू करून बघितली. मासा डुगडुगायला लागला. पंखा एका अंगाला होता, त्याच्या वजनाने तोल जात होता. प्रत्येक फेऱ्याला गिअरबॉक्स कण्हायचा. उपाय सोपा होता. समोरच्या अंगाला तेवढंच वजन वेल्ड करायचं, संपलं. अर्ध्या दिवसाचं काम. पण पॉलिश राहिलं होतं, वायरिंग राहिलं होतं, आणि माझं टाळकं फिरलं होतं. "च्यायला, ही म्हातारी आणि तिचा पंखा!" असं मोठ्याने बोललो मी. बोल्ट काढले, पंखा बाहेर ओढला आणि कापलेल्या पत्र्यांच्या ढिगावर भिरकावला. मासा लोण्यासारखा फिरायला लागला.

उद्घाटन झालं की परत बसवू, असं मनात होतं का? होतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं काय ते मला आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेंपो आला. ढीग भरायला लागले. मी दारात फोनवर होतो — पेपरवाल्यांसाठी फोटो कोण काढणार, ते ठरवत होतो. पंखा टेंपोत पडताना मी पाहिला. हो, पाहिला. पत्र्यांच्या गर्दीत पितळ काय लपतं? एक हाक मारायची होती. नुसतं "अरे थांब" म्हणायचं होतं. मी फोनवर बोलत राहिलो. टेंपो वळला आणि गेला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दिवे लागले, मासा फिरला, टाळ्या पडल्या. गर्दीतून वाट काढत काकी माझ्यापाशी आली आणि विचारलं, कुठे आहे? मी बोट वर केलं. पोटात, म्हटलं.

तेव्हापासून ती रोज यायची. टोपली रिकामी झाली की जेट्टीच्या कठड्यावर बसायची. मासा रेघ झाला की गप्प, आडवा झाला की बोलायची. आज सुरमई चांगली आली, धाकट्या लेकीला पोरगी झाली, गुडघा दुखतोय. मी तिकडून जायचं टाळायचो. पण बेअरिंगला ग्रीस भरायला दुसरं कोण जाणार?

एकदा असाच मोटर बंद करून शिडीवर चढलो होतो. पोटाचं झाकण उघडलं. आत चौकट, चार बोल्टांची भोकं, आणि पोकळी. खालून हाक आली, "दिसतो काय रं?"

मी वरूनच म्हटलं, "दिसतो की."

"हात लाव त्याला. माज्या नावानं."

मी हात आत घातला. रिकाम्या लोखंडावर ठेवला. खाली पाहिलं तर तिने डोळे मिटून हात जोडलेले. बघतोयस ना तू? शिडीवर मी, खाली ती, आणि मध्ये काही नाही. अजून कुठलीही शिडी चढलो की तळहाताला ते गार लोखंड लागतं.

मग जेट्टी रुंद करायचं निघालं, आणि मासा उतरवायचा ठरला. काकी त्याच दिवशी माझ्या दारात. आता माझा पंखा मला दे, म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. झाकण गंजलंय, उघडायला वेळ लागेल, अशी थाप मारली आणि भंगाराची दुकानं पालथी घातली. अलिबागपासून पार बोर्ली पंचतनपर्यंत. शेवटी मिळाला एक. तीन पात्यांचा, पितळेचा, मापाने साधारण तेवढाच. मी त्याला जळकं ग्रीस फासलं, जुना दिसावा म्हणून. मन लावून फासलं. कारागीर आहे ना मी!

तिच्या ओटीवर नेऊन ठेवला. तिने पदराने पुसला, मांडीवर घेतला आणि एकेका पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागली. एक पातं, दुसरं, तिसरं. पुन्हा पहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"टवका कुठं गेला रं?"

मला कुठे माहीत होतं? हरेशने पहिल्यांदा बोट हातात घेतली तेव्हा खाडीच्या तोंडाशी खडकाला घासली होती, पात्याचा टवका उडाला होता, बापाने त्याच्या कानाखाली काढली होती. हे तिने मला तेव्हा, तिथे सांगितलं. आणि माझं तोंड — त्याला उत्तर तयारच असतं. मी म्हटलं, काकी, तोल जात होता माशाचा, म्हणून मी ग्राइंडर मारून पाती सारखी केली.

तिचा अंगठा त्या सरळ कडेवर. ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी कदाचित... नाही. कदाचित वगैरे काही नाही.

म्हणाली, "माज्या पोराच्या हातची तेवढीच खूण व्हती." आणि मग म्हणाली, "तुजी काय चूक? मीच सांगाया पायजे व्हतं तुला."

वर चहा केला. मी तो प्यायलो.

तो पंखा आता तिच्या देवांशेजारी आहे. कुणाच्या बोटीचा, त्या बोटीचं काय झालं, देव जाणे. ती त्याला तेल लावते, सणाला फूल वाहते. टवक्याचं कुणी काढलं तर म्हणते, त्या पोराला काय बोलू नका, मी सांगितलंच नव्हतं.

काकी अजून आहे. वर्कशॉपवरून तिचं घर दिसतं. मी सांगायला गेलेलो नाही. हे सगळं तुला लिहून काढलं, एकही गोष्ट न लपवता — आणि काकीला वाचता येत नाही, हे लिहायला बसण्याआधीच मला माहीत होतं.