वाऱ्याला दिलेली वाट

लाँड्रीवाल्या काकूंचा सगळा राग वाळूवर होता. पण वाळूवर ओरडून काही होत नाही हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या, म्हणून त्या काकांवर ओरडत.

किनाऱ्यावरच्या लहानमोठ्या लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं धुवायला त्यांच्याकडे यायचं. पुढे धुण्याची खोली, तिच्यात दोन मशिनं, त्यांतलं एक कायम आजारी. शेजारी इस्त्रीची खोली, वर राहतं घर आणि मागे वाळवणाचं अंगण. अंगणापलीकडे वाळूची टेकडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. टेकडीवर टोकदार गवत आणि जाड पानांची वेल अशी माजली होती की खालची वाळू दिसायची नाही. लग्न होऊन आल्यापासून काकूंनी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. कुणाला त्रास न देता पडून राहणारं त्या घराजवळ तेवढं एकच होतं.

काकांच्या मात्र ती डोळ्यांत खुपायची. टेकडी वारा अडवते हे त्यांचं पालुपद. चादरी उशिरा वाळल्या तरी दोष टेकडीचा, लॉजवाले कुरकुरले तरी दोष टेकडीचा. काकू बहिणीकडे गेल्याची संधी साधून त्यांनी फावडं घेतलं, गवत उपटलं, वेल ओढून काढली आणि मधोमध हातगाडी जाईल एवढी खिंड पाडली. काकू परतल्या तेव्हा चादरी फडफडत होत्या आणि काका कमरेवर हात ठेवून उभे होते. तो उन्हाळा खरंच झकास गेला. सकाळचे कपडे जेवणाआधी वाळायचे आणि काका येणाऱ्याजाणाऱ्याला खिंड दाखवत शेखी मिरवायचे.

मग वाळू आली. ओहोटीला उघडी पडलेली वाळू उन्हात सुकते आणि वारा तिला जमिनीलगत ढकलत आणतो. पूर्वी ती गवतात अडकून टेकडीवरच बसायची. आता तिला सरळ रस्ता मिळाला. मुळांची पकड गेल्यामुळे खिंडीच्या कडाही ढासळल्या आणि हातगाडीच्या जागी ट्रक जाईल एवढी ती रुंदावली. ओल्या चादरीवर वाळू बसली की चादर पुन्हा धुवायची. वाळू अभ्र्यांत, इस्त्रीच्या फडक्यात, काकांच्या कानांत. आजारी मशिनने तर कायमचं अंग टाकलं.

उधाणाच्या लाटा आधीही यायच्या, नाही असं नाही. टेकडीचा पायथा कुरतडून जायच्या आणि समुद्र निवळला की नेलेली वाळू हळूहळू परत आणून टाकायच्या. खिंड पडल्यावर त्यांना हटकणारं कोणी उरलं नाही. एका उधाणात खारं पाणी इस्त्रीच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं, तेव्हा काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

काकांनी उपाय म्हणून अंगणाच्या कडेला विटांची भिंत घातली. वारा भिंतीवरून चढून अलीकडे उतरला आणि बरोबर आणलेली वाळू नेमकी दोऱ्यांखाली टाकून मोकळा झाला. भिंत जरा बुटकी झाली, असं काकांचं मत पडलं. काकूंनी कपाळावर हात मारला. मुळात चूक कोणाची हा विषय निघाला की काकांना हमखास तहान लागायची आणि ते आत जायचे. शहरातल्या मुलाला तर त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं की टेकडी समुद्राने फोडली.

शेवटी मोठ्या लॉजच्या मालकीणबाई स्वतः आल्या. पाहुण्यांच्या अंगाला चादरीतली वाळू टोचते, हा हंगाम बघू, नाहीतर काम दुसरीकडे देऊ, असं गोड बोलून गेल्या. लाँड्री मुख्यतः त्या एका लॉजवरच चालत होती. मुलगा म्हणाला, बंद करा आणि इकडे या. इकडे म्हणजे दोन खोल्या, आणि सून एवढी चांगली की सासूला कपबशीसुद्धा विसळू देत नाही. काकूंना धडकी भरली. रिकाम्या हातांनी खिडकीत बसून उरलेलं आयुष्य काढायचं, या विचाराने त्यांना जेवण जाईना. काकांनी मात्र माळ्यावरून बॅगा काढल्या. खिंड पाडायला यांना उत्साह, आणि निस्तरायची वेळ आली की यांना मुलाची आठवण!

अशात वाऱ्याने उडालेली एक फाटकी मच्छरदाणी खिंडीतल्या दोन खुंटांना अडकली. काकू ती सोडवायला गेल्या आणि तिथेच थांबल्या. तिच्या पायाशी वाळूचा ढीग जमला होता. भिंतीसारखी ती वाऱ्याला आडवी गेली नव्हती. तिने त्याला जाऊ दिलं होतं, फक्त दमवून. जिन्यात दम लागला की माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, तसं वाऱ्याने ओझं ठेवलं होतं.

त्या दिवसापासून काकूंनी कामातून गेलेल्या चादरींच्या पट्ट्या फाडल्या, काठ्यांत विणल्या आणि खिंडीत विरळ कुंपण उभं केलं. लोक हसतील, असं काका म्हणाले. लोक हसलेही. कुंपण वाळूत बुडालं की काकू वर दुसरं उभं करत. टेकडीच्या टोकाची वेल आणून लावली, तिला गोडं पाणी घातलं. काका काठ्या रोवायला यायचे, पण केवळ तुझ्या समाधानासाठी येतोय, हे ऐकवून. काकूंनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

हंगाम संपला. मोठ्या लॉजचं काम टिकलं. तरीही मुलगा गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा काकू अंगणात मोठी ओली चादर दोरीवर घालत होत्या. एक टोक चिमट्यात, दुसरं हातात, बाकीचे चिमटे दातांत धरलेले. मुलाने बुजत आलेली खिंड पाहिली आणि वडिलांना विचारलं, "बाबा, समुद्राने पुन्हा फोडली तर काय कराल?"

काकांनी वेलीकडे बोट केलं. मग म्हणाले, "समुद्राने नव्हती फोडली. मी फोडली. बुजवली हिने. आम्ही कुठे येत नाही."

या वाक्यासाठी काकू इतकी वर्षं थांबल्या होत्या. त्याच्यावरचं उत्तरही तयार होतं, चांगलं लांबलचक. पण तोंड उघडावं तर चिमटे वाळूत, हात सोडावा तर चादर वाळूत. डोळे भरून आले, तेही पुसता येईनात. काका जवळ आले, त्यांनी चादरीचं टोक धरलं आणि वर म्हणाले, "अगं, आता तरी काहीतरी बोल."